निळ्या गोलातला हात

पुंजाजी पेंटर आमच्या गायन पार्टीत आला तो पडदा रंगवायला. पडदा झाला की जाईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. तो पाच वर्षं राहिला, आणि त्या पाच वर्षांत ज्याचं त्याच्याशी भांडण झालं नाही असा एकही माणूस पार्टीत उरला नाही. माझं तीनदा झालं.

तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. मी टपालखात्यात ओव्हरसियर होतो. सायकलवर खेडोपाडी फिरायचं, तिथल्या पोस्टांची तपासणी करायची, आणि सुट्टीच्या दिवशी ‘पहाट गायन पार्टी’त पेटी वाजवायची. पार्टी आठ जणांची. भीमगीतं, हुंड्यावरची, दारूवरची, पोरींना शाळेत घालायची गाणी आम्ही म्हणायचो. मुख्य गाणारे सुदामदादा. दिवसभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि कार्यक्रमात असा आवाज लावायचे की शेवटच्या रांगेतलं रडतं लेकरू गप्प व्हायचं.

पुंजाजी किडकिडीत, चाळिशीचा. पेंटर असून त्याच्या अंगावर रंगाचा थेंब कधी दिसला नाही. पांढरा सदरा, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या, आणि त्याच सदऱ्यात तो शिडीवर चढायचा. हॉटेलात शिरला की भिंतीवरची वाकडी कॅलेंडरं सरळ केल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. मालक वैतागायचा. गावातले बाकीचे पेंटर अक्षरांना लाल-पिवळ्या सावल्या काढायचे, तेव्हा पुंजाजी म्हणायचा, “अक्षराला सावली काहून लागते? ते काय उन्हात उभं हाय?” त्यामुळे दुकानदार त्याच्याकडे कमीच जायचे. लोकांना सावली आवडायची.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी कुरुंद्याला आमचा कार्यक्रम होता. नवा पडदा बांधायला म्हणून पुंजाजीही बरोबर आला होता. आम्ही दुपारच्या गाडीने उतरलो तर चावडीपुढे माणूस नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, आठ दिवसांपूर्वी दुसरीच एक पार्टी येऊन गेली होती. दारू पिऊन आलेली, सिनेमाच्या चालींवर काहीबाही म्हणून गेलेली. आणि गावाने ठरवलं होतं की ती आम्हीच.

“कागद त्योच हाय,” एक म्हातारी आमचं हँडबिल हातात धरून म्हणाली. “लाल किनार, वरती फुलाची कुंडी. म्या काय आंधळी हाय?”

तिचं खोटं नव्हतं. दोन्ही पार्ट्यांची हँडबिलं हिंगोलीच्या एकाच छापखान्यात छापलेली. तीच किनार, तोच फुलांच्या कुंडीचा ठसा. सरपंचांनी आमचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं, पण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी जे बघायचं ते बघून घेतलं होतं. त्या दिवशी आम्ही मोजक्या पंधरा-वीस माणसांपुढे गायलो. सुदामदादांचा आवाज पहिल्या गाण्यातच बसला. अपमानाने बसला.

परतीच्या गाडीत सगळे त्या दुसऱ्या पार्टीला शिव्या देत होते. औंढ्याच्या अलीकडे पुंजाजी एकदम म्हणाला, “त्या बाईचं काय चुकलं न्हाई. चूक आपली हाय.”

“आपली कशी?” सुदामदादा उसळले.

“माझ्या मायला अक्षर येत न्हाई. पन ती बाजारातून चहाची पुडी बराबर आनती. हिरव्या कागदाची, कोपऱ्यात पिवळं पान असलेली. एकदा दुकानदारानं दुसरी दिली तर घरापासून परत गेली. कंपनीनं तिला वळखायला काहीतरी दिलंय. आपन काय दिलं त्या म्हातारीला? कुंडी? ती कुंडी तर लग्नाच्या पत्रिकेवर बी असते.”

त्याच आठवड्यात त्याने चिन्ह काढून आणलं. निळा गोल, त्यात पांढरा डफ आणि डफावर पडलेला उघडा हात. पाच बोटं, अंगठा थोडा लांब. “वाजवनाऱ्याचा हात हाय,” तो म्हणाला. “आता ह्यो सगळीकडं जाईल. पडद्यावर, कागदावर, ढोलकीच्या खोळीवर, पेटीवर, सदऱ्यावर. सगळीकडं ह्योच, असाच. कुनी बोट वाकडं करायचं न्हाई.”

आम्हाला वाटलं, छान आहे. त्यात भांडायचं काय आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पहिलं भांडण छापखान्यात. मालक चांगला माणूस होता, पण त्याच्याकडे शाई दोनच रंगांची, काळी आणि लाल. निळी मागवायची म्हणजे औरंगाबादहून. पुंजाजी रोज संध्याकाळी जाऊन छापखान्याच्या दारात उभा राहायचा. शेवटी निळी आली. मालकाने कौतुकाने पहिलं हँडबिल त्याच्या हातात ठेवलं, तर गोलाच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या.

“हे काय हाय?”

“जागा रिकामी दिसून राहिली होती. शोभा आली की न्हाई?”

“मालक, ती जागा म्या रिकामी ठेवली होती.”

“रिकामी कशाला ठेवायची? कागद तर तेवढाच लागतो.”

पुंजाजीने सगळी हँडबिलं घरी नेली आणि एकेका कागदाच्या कुंड्या कात्रीने कापल्या. कागद अरुंद झाले, पण गोल मधोमध राहिला. माझं त्याच्याशी पहिलं भांडण ह्यावरूनच झालं. मी म्हणालो, “पुंजाजी, कुंडी असली म्हणून काय बिघडलं? गोल तर आहे ना.” तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी पोस्टात बसून दुसऱ्याचं पत्र फोडलंय. म्हणाला, “टपालसाहेब, तुमी शिक्का मारता तवा त्याच्याभवती फुलं काढता का?”

साच्याची गोष्ट वेगळीच. कागदाचा साचा दोन वेळा वापरला की फाटायचा. म्हणून त्याने सरकारी दवाखान्यातून टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म मिळवल्या आणि त्यांवर गोल, डफ, हात कापला. साचा उजेडाकडे धरला की हाताच्या शेजारी कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. त्या साच्याने त्याने वसमतच्या वाटेवरच्या, औंढ्याच्या वाटेवरच्या गावांत, जिथे जिथे आमचा कार्यक्रम झाला तिथे, एखाद्या भिंतीवर घरमालकाला विचारून गोल काढला. मी तपासणीला सायकलवर जायचो तेव्हा मैलाच्या दगडांसारखे ते गोल लागायचे. प्रत्येक गोल जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर. “बाईच्या डोक्यावर घागर असली तरी नजर तितंच जाते,” हा त्याचा हिशोब.

सदऱ्यांनी मात्र घात केला. आठ जणांनी आपापल्या सोयीने निळं कापड घेतलं आणि आठ निळे झाले. एक आभाळी, एक शाईसारखा, सुदामदादांचा तर चक्क मोरपंखी, कारण त्यांना तो उठून दिसतो असं त्यांच्या बायकोने सांगितलं होतं. पुंजाजीने आठही सदरे काढून घेतले आणि एकाच हंड्यात एकाच रंगात घातले. हंडा दोन तास उकळला. सदरे सुंदर निघाले. अगदी एकसारखे. पुंजाजी ते दोरीवर वाळत घालून समोर बसून राहिला, आणि त्याला हसताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

नरसीला उन्हाळ्यातला कार्यक्रम होता. मंडपात हवा नाही. दुसऱ्या गाण्याला घाम फुटला आणि रंग उतरायला लागला. आमच्या माना निळ्या, कानांच्या पाळ्या निळ्या, माझ्या पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या निळ्या. ढोलकीवाल्याने कपाळ पुसलं तर कपाळावर आडवा निळा पट्टा. लोक हसायला लागले. सुदामदादा गाणं थांबवून पुंजाजीकडे वळले. तो पडद्याच्या बाजूला उभा होता. त्याची मानही निळी होती. त्याने स्वतःचाही सदरा त्याच हंड्यात घातला होता.

पुढच्या गावात पोरं ओरडत आली, “निळ्या मानेची पार्टी आली.” सुदामदादा म्हणाले, “घे. वळखलं लोकांनी. खुश?”

“असं न्हाई,” पुंजाजी दात-ओठ खात म्हणाला. “गोलावरून वळखायला पायजे. मानंवरून न्हाई. मान काय, कुनाची बी निळी होईल.”

सुदामदादांचं आणि त्याचं खरं भांडण फोटोवरून. गाणाऱ्याचा फोटो नसलेलं पोस्टर सुदामदादांना मान्य नव्हतं. इतर पार्ट्यांच्या पोस्टरवर गाणाऱ्याचा चेहरा गावच्या चावडीएवढा असायचा. एकदा परभणीला जाऊन त्यांनी स्टुडिओत फोटो काढला, एक हात कानावर, मागे रंगवलेला धबधबा. तो फोटो घेऊन ते पुंजाजीकडे आले.

“ह्यो गोलात घाल.”

“दादा, तुमचा आवाज लाखात एक हाय. पन तुमचं तोंड दुसऱ्या दहा जनासारखं हाय.”

मी तिथेच होतो. असं तोंडावर कुणी सुदामदादांना बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते फोटो घेऊन गेले आणि पंधरा दिवस तालमीला आले नाहीत. मी त्यांच्या घरी तीन चकरा मारल्या. पुंजाजी एकदाही गेला नाही. त्याला आपण काही वाईट बोललो असं वाटतच नव्हतं. “आवाज लाखात एक हाय म्हनलो की,” तो म्हणायचा. आमचं दुसरं भांडण ते.

शिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मध्यंतरात काचेवर रंगवलेल्या जाहिराती पडद्यावर दाखवायचे. पुंजाजीने तळहाताएवढ्या काचेवर आमचा गोल रंगवला. चार दिवस खपला होता त्यावर. पहिल्या खेळाला आम्ही सगळे तिकीट काढून बसलो. मध्यंतर झालं, बिडीच्या, कापडाच्या अशा जाहिराती गेल्या, आणि आमचा गोल पडद्यावर आला. केवढा मोठा. पण अक्षरं उलटी, आरशात बघावीत तशी, आणि उजव्या हाताचा डावा झालेला.

पुंजाजी माणसांच्या पायांवर पाय देत मशीनच्या खोलीकडे धावला. मी मागे. मशीन चालवणारे सत्तारभाई शांतपणे चहा पीत होते.

“अरे पुंजाजी, पब्लिक तो बाहर मूंगफली खाने गई. कौन देखता है सीधा-उलटा?”

“म्या देखता है,” पुंजाजी म्हणाला.

यात्रा संपेपर्यंत तो रोज प्रत्येक खेळाला मशीनच्या खोलीत जाऊन काच स्वतःच्या हाताने लावत होता. सत्तारभाईंनी आधी कटकट केली, मग त्याच्यासाठी एक स्टूल ठेवलं.

हे सगळं करून काय मिळालं, असं आम्ही आपसात बोलायचो. गाणी चांगली असली की पुरे, असं माझंही मत होतं. पण एकदा कुरुंद्यालाच, हळद शिजवायच्या दिवसांत, आम्ही गाडीतून उतरलो. कढईजवळ बसलेल्या दोन बाया आमच्याकडे बघत होत्या. पेटीवरचा गोल बघून एक दुसरीला म्हणाली, “त्या हाताची पार्टी आली बघ. चांगलं म्हनतात. चल लवकर आटप.” कागद नाही, नाव नाही, कुणी वाचून दाखवलं नाही. पुंजाजी माझ्या शेजारीच चालत होता. त्याने ऐकलं. पेटी माझ्या हातून घेऊन त्याने स्वतःच्या डोक्यावर ठेवली, गोल बाहेरच्या बाजूला करून, आणि चावडीपर्यंत तसाच चालत गेला.

तो आमचा सगळ्यात चांगला काळ. वर्ष-दीड वर्ष टिकला.

मग निवडणुका लागल्या, आणि एका पक्षाची नवी निशाणी आली. उघडा हात.

पहिल्यांदा आम्ही हसलो. ढोलकीवाला म्हणाला, “पुंजाजी, तुजा हात दिल्लीला गेला.” पण आठ दिवसांत हसू थांबलं. एका गावात आम्ही उतरलो तर हार घालायला माणसं उभी, भाषण कोण करणार म्हणून विचारत. दुसऱ्या गावात दुसऱ्या बाजूची माणसं आडवी झाली. “प्रचार करायचा तर तसं सांगा. गान्याच्या नावाखाली काहून घुसता?” सुदामदादांनी समजावलं, की हा वाजवणाऱ्याचा हात आहे, चार-पाच वर्षांपासूनचा आहे. त्यांच्यातला पुढारी म्हणाला, “आसंल. पन आधी हात झाका, मग चढा.” पडद्यावरच्या हातावर आम्ही पोतं बांधलं आणि त्यापुढे बसून गायलो. पुंजाजी गावाबाहेर रस्त्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी तो जुनी हँडबिलं, कुंड्या कापलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून तहसील कचेरीत गेला. मला बरोबर घेतलं, कारण अर्ज मी लिहिला होता. अर्जात एवढंच, की हा हात आमच्या पार्टीचा असून तो आधीचा आहे, तसं लिहून मिळावं. कारकून भला होता. त्याने अर्ज नीट वाचला.

“पुंजाजी, हात काय कुनाच्या मालकीचा असतो का?”

“हात न्हाई साहेब. ह्यो हात. ह्याचा अंगठा बघा. त्यांच्यात डफ हाय का?”

“लोक अंगठा बघत न्हाईत. हात बघतात.”

पुंजाजीने पुढे केलेलं हँडबिल मागे घेतलं. पाच वर्षं तो लोकांना तेच तर शिकवत होता. कारकुनाने अर्ज ठेवून घेतला, आवक नंबर टाकला. दुसरं तो काय करणार. बाहेर आल्यावर पुंजाजी कचेरीच्या पायरीवर बसला आणि पिशवीतली हँडबिलं एकावर एक कडा जुळवून रचत राहिला.

त्याच आठवड्यात प्रचाराची माणसं त्याच्या घरी आली. सगळ्या गावाच्या भिंती रंगवायच्या होत्या, तयार साचा कुणाकडे आहे हे त्यांना कळलं होतं. महिनाभराचं काम होतं आणि त्याच्या घरात तेव्हा चूल कशीबशी पेटत होती. तो नाही म्हणाला. मी त्याला सांगितलं, “कर की काम. नाहीतरी हात गेलाच आहे.” हे आमचं तिसरं भांडण, आणि ह्यात तो ओरडला नाही. नुसतं म्हणाला, “तुमी बी असं म्हना.” ते माझ्या अजून मनात आहे.

निवडणूक झाल्यावर बैठक बसली. सुदामदादा ह्यावेळी रागात नव्हते. “पुंजाजी, तू बरोबर होतास का चूक, त्याचा आता काही उपेग न्हाई,” ते म्हणाले. “दर गावात खुलासा करत बसायचं का गानं म्हनायचं?” आठही जणांनी चिन्ह बदलायला हात वर केले. माझाही वर होता. नव्या पोस्टरवर सुदामदादांचा धबधब्याचा फोटो आला. पुंजाजीने एकच मागणी केली, की जुने गोल तो स्वतः पुसेल, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. “अर्धवट पुसलेलं लई वंगाळ दिसतं,” म्हणाला. त्यानंतर तो पार्टीत आला नाही.

पावसाळ्याच्या आधी मला नांदेडला बदलीचा हुकूम आला. शेवटची तपासणी म्हणून शिरडच्या बाजूला निघालो होतो. वाटेतले गोल एकेक करून गेलेले दिसत होते. प्रत्येक ठिकाणी नुसता चुना लावलेला नव्हता, भिंतीच्या मूळ रंगात रंग मिसळून, गोल कधी होता असंही वाटू नये इतक्या सफाईने पुसलेला. एका गावाच्या तोंडाशी पुंजाजी दिसला. पांढरा सदरा, हातात डबा. समोर एक उतारवयाची बाई भिंतीला पाठ लावून उभी होती.

“पुसू देत न्हाई म्हंते,” पुंजाजी मला बघून म्हणाला, जणू आम्ही कालच भेटलो होतो.

“काहून पुसू दिऊ?” बाई माझ्याकडे वळली. “माझ्या लेकी येतात, जावई येतात. निळा गोल असलेलं घर म्हनलं की गाडीवाला बराबर इथं सोडतो. ह्यो मानूस म्हंतो पुसायचा हाय. आता म्या वळख काय सांगू?”

पुंजाजीने तिला पार्टीचं, निवडणुकीचं, हाताचं सगळं सांगून बघितलं. ती ऐकून घेत होती आणि भिंतीपासून हलत नव्हती. शेवटी म्हणाली, “तुमचं भांडन हातावरून हाय ना? मग हात पुस. गोल ऱ्हाऊ दे.”

पुंजाजीने खाली बसून डब्यात निळा कालवला, जुन्या निळ्याशी तीनदा लावून बघितला, आणि आधी डफ, मग हात, एकेक बोट करून बुजवत आणला. शेवटी अंगठा. बाई तोवर दुरडी उचलून आत गेली होती. मी सायकल धरून उभा होतो. बदलीचं सांगावं, तेव्हा हात वर केला त्याबद्दल काही बोलावं, असं मनात होतं. तो उठला, भिंतीच्या अगदी जवळ डोळे नेऊन ओल्या रंगाची कड बघितली आणि माझ्याकडे न वळता म्हणाला, “टपालसाहेब, ही लोकं धड काढू बी देत न्हाईत आन धड पुसू बी देत न्हाईत.”

मी “येतो” म्हणालो. त्याने मान हलवली. मी पायडल मारलं तेव्हा तो गोलाच्या खालच्या कडेवर पुन्हा ब्रश फिरवत होता.